मालागाला अठ्ठावीस, आम्हाला त्रेचाळीस

मेडनहेड, इंग्लंड,
१९ ऑगस्ट

ती. वैजयंतीताईस,

दीनानाथचा साष्टांग नमस्कार, आणि वीणाचाही (ती आत्ता घरात नाही, पण असती तर तिने केलाच असता).

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं असं कळलं. भाऊजींची शुगर आटोक्यात आहे का, आणि ते अजून लपून बालूशाही खातात का, हे दोन्ही कळव (पहिल्याचं उत्तर ते देतील, दुसऱ्याचं तू दे). आम्ही ठीक आहोत. या देशात एकतीस वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काही सांगायला विसरतो. इथे पाय मोडलेला माणूससुद्धा स्ट्रेचरवरून सांगतो की तो ठीक आहे.

तू तीनदा विचारलंस की स्पेनचे फोटो का पाठवले नाहीत. फोटो एकच आहे. त्यात मी ओल्या चादरीत आहे आणि तो मी कोणालाही दाखवणार नाही. तेव्हा हकीकतच ऐक.

नीलने जुलैत दोन्हीकडच्या आईवडिलांना स्पेनला न्यायचं ठरवलं. दोन्हीकडचे म्हणजे आम्ही दोघं, आणि पुण्याहून लेकीकडे आलेले शाल्मलीचे आईवडील, आमचे व्याही चंद्रशेखरराव आणि विहीणबाई मीनलताई. यात नील, शाल्मली आणि व्याही यांची सोय मालागाला, समुद्राला लागून असलेल्या फ्लॅटमध्ये. आमची सोय डोंगरापलीकडे दीड तासावरच्या एका खेड्यात. 'बाबा, तुमचं घर एकदम क्वायट आहे,' असं नील फोनवर म्हणाला. क्वायट तर होतंच. त्या गावात दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं, कारण भुंकायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की आत गरम हवा जाते.

निघण्याआधी मी मोबाइलवर मालागाचं हवामान पाहिलं. अठ्ठावीस. नकाशावर आमचं खेडं मालागापासून चार बोटांवर. चार बोटांत असा काय फरक पडणार, म्हणून मी वीणाला संध्याकाळसाठी कार्डिगन घ्यायला लावलं. आता तुला सांगतो काय फरक पडतो, कारण मी त्यावर परत आल्यावर पुष्कळ वाचलं आहे (वाचायला वेळच वेळ आहे). समुद्र हळूहळू तापतो. जमीन दुपारपर्यंत भाजून निघते तेव्हा पाणी अजून गारच असतं, त्यामुळे पाण्यावरचा वारा दिवसभर किनाऱ्याकडे येत राहतो आणि किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं की स्पेनची हवा काय छान आहे. पण किनाऱ्याच्या पाठीशी डोंगर उभे आहेत. ते या वाऱ्याला पलीकडे जाऊ देत नाहीत. पलीकडे सखल मैदान, त्यात हवा कोंडते, तापते, आणि दुपारी चार-पाचला त्रेचाळीस होते. त्या भागाला तिथले लोक तवा म्हणतात. ही माहिती घराची किल्ली देणाऱ्या माणसाने आम्हाला किल्ली दिल्यानंतर दिली.

मी घाबरलो नाही. मी नागपूरचा. सत्तेचाळीस अंशांत सायकलवरून कॉलेजला गेलेला माणूस त्रेचाळीसला काय भीक घालणार, असं मी वीणाला दोन दिवस ऐकवलं. पण नागपूरचा असणं आणि नागपुरात असणं यांत फरक असतो हे ध्यानात आलं नाही. आपली आई सकाळी नऊला खिडक्या लावून घ्यायची, वाळ्याचे पडदे भिजवायची, हे सगळं मी साफ विसरलो होतो. मी अस्सल इंग्रजासारखा भर दुपारी एक वाजता घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, 'फ्रेश एअर' म्हणून. समोरच्या घरातल्या रेमेदियोस नावाच्या म्हाताऱ्या बाई दोन दिवस दारातून दोन्ही हात हलवून आणि ओरडून मला काहीतरी सांगत होत्या. गावची माणसं प्रेमळ दिसतात, असं म्हणून मीही रोज हात हलवत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीणा अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि तिथेच कोसळली. अंग भट्टीसारखं, जीभ जड, आणि मला 'कमलाकर' म्हणायला लागली (कमलाकर तिचा धाकटा भाऊ, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली). ताई, मी डॉक्टर आहे हे तुला माहीत आहे. पण मी पॅथॉलॉजिस्ट. माझे पेशंट एकतर काचेच्या पट्टीवर असायचे, नाहीतर तक्रार करण्याच्या पलीकडे गेलेले. जिवंत बाईची नाडी हातात धरून मी फक्त मोजत बसलो. एकशे छत्तीस. एकशे चाळीस. रेमेदियोसबाई धावत आल्या, मला बाजूला ढकललं, वीणाला आत उचलून न्यायला लावलं, धडाधड खिडक्या लावल्या, चादरी भिजवून तिच्या मानेखाली, काखेत कोंबल्या. मग शुद्ध आल्यावर मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने. हे सगळं करताना त्या मला अखंड शिव्या देत होत्या. मला स्पॅनिश येत नाही, पण शब्दांची गरज पडली नाही. शेवटी एक ओली चादर त्यांनी माझ्याही अंगावर फेकली आणि फोटो काढला. का काढला देव जाणे. बहुतेक गावात दाखवायला (एक प्रत माझ्याही मोबाइलवर पाठवली).

मी नीलला फोन केला. तो त्याच्या इंग्लंडी मराठीत म्हणाला, 'बाबा, आई पाणी पितो का? इथे तर मस्त हवा आहे, ओन्ली ट्वेंटी-एट.'

मी म्हणालो, 'सासूसासऱ्यांना समुद्र आणि सख्ख्या आईला तवा. चांगली वाटणी केलीस.'

त्याने फोन ठेवला. दीड तासाने त्याची गाडी दारात होती. येताना गाडीतला आकडा घाट चढल्यावर अठ्ठावीसचा तेहेतीस, मग अडतीस, मग त्रेचाळीस होत गेला तो त्याने पाहिला होता. आत येऊन तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, 'मी फक्त मालागाचा आकडा बघितला. सॉरी, आई.' वीणाने त्याच्या केसांवरून हात फिरवला. तिथे हा विषय संपायला हरकत नव्हती. पण तो आम्हाला मालागाला घेऊन निघाला तेव्हा मी पुढच्या सीटवर बसलो होतो, आणि आकडा उतरेल तसा मी तो मोठ्याने वाचत होतो. एकेचाळीस. छत्तीस. एकतीस. दर आकड्यानंतर 'वा' म्हणत होतो. मागून वीणा म्हणाली, 'अहो, पुरे.' नीलने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी अठ्ठावीसपर्यंत वाचलं.

दारात व्याही हाफ पँटमध्ये उभे. म्हणाले, 'या दीनानाथराव. बाल्कनीत बसताय का? पण शाल घ्या हो, वारा जरा बोचतो.' माणूस वाईट नाही, पण त्या क्षणी मी त्यांना शालीत गुंडाळून समुद्रात सोडलं असतं.

यानंतर जे झालं ते ऐकून तुला खरं वाटणार नाही. मालागाला आल्यावर तिसऱ्या दिवशी वारा फिरला. तिथे कधीकधी उलटा, डोंगराकडून समुद्राकडे वारा सुटतो, त्याला 'तेरराल' म्हणतात. उतारावरून खाली येताना तो आणखी तापतो आणि थेट मालागावर आदळतो. दुपारी मालागाला एकेचाळीस झाले. आणि आम्ही सोडून आलेल्या खेड्यात छत्तीस! मी मोबाइलवर दोन्ही आकडे शेजारीशेजारी लावून सगळ्यांना दाखवले. व्याही ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते. मीनलताई पंख्यासमोरून हलत नव्हत्या. मी हसलो, ताई. पोट धरून हसलो. म्हणालो, 'बरं झालं. सगळ्यांना कळू दे.'

तेवढ्यात शाल्मलीला उलट्या सुरू झाल्या आणि ती बाथरूमच्या दारात खाली बसली. नीलने तिला उचलून गाडीत घातलं, हॉस्पिटलला नेलं. जाताना माझ्याकडे पाहून एकच वाक्य बोलला, तेही शांतपणे: 'यू आर एन्जॉयिंग धिस, बाबा.' सलाइन लावून संध्याकाळी तिला घरी पाठवलं. दोन दिवसांनी आम्ही आपापल्या घरी आलो.

झाली स्पेनची ट्रिप. मुलगा बत्तीस वर्षांचा आहे, एवढं शिकला, त्याला समुद्राकाठची हवा आणि डोंगरापलीकडची हवा यांतला फरक बघता येऊ नये? बाप चार शब्द बोलला तर एवढा राग? आता तूच सांग कोणाचं चुकलं. तू मोठी आहेस आणि निवाडा द्यायची तुला लहानपणापासून आवड आहे.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
दीनानाथ

ता. क. निवाडा देण्याआधी एक गोष्ट तुझ्या कानावर घालायला हवी. खेड्यातलं घर मीच मागितलं होतं. नील सगळ्यांना एकत्रच ठेवणार होता. मी म्हणालो, आठ दिवस चंद्रशेखररावांच्या परदेशवाऱ्या ऐकण्यापेक्षा मला कुठेही टाक, मला उन्हाचं काही वाटत नाही. हे वीणाला माहीत नाही. नीलला माहीत आहे, आणि त्याने ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. तिच्या पायाशी बसून सॉरी म्हणतानासुद्धा नाही.

ता. क. २. शाल्मलीला तेव्हा तिसरा महिना लागला होता. समुद्राकाठचा फ्लॅट तिच्यासाठी होता. बातमी शेवटच्या दिवशी जेवताना सगळ्यांना सांगायची, असं दोघांनी ठरवलं होतं. मला ती विमानतळावर वीणाने सांगितली. आता दोघंही, म्हणजे तिघंही, व्यवस्थित आहेत. हे मला कळतं कारण वीणा नीलशी रोज बोलते. फोन आला की उठून बागेत जाते. आत्ताही तिथेच आहे.

ता. क. ३. तुझं नील ऐकतो. त्याला एक फोन कर. पाच आठवडे झाले. बाबांनी फोन केला तर उचलशील का, एवढंच विचार. हो म्हणाला तर ताबडतोब कळव, वेळ बघू नकोस. नाही म्हणाला तर मला तसं सांगू नकोस. त्याला सध्या ऑफिसात फार काम आहे, असं लिही.