दसऱ्याच्या स्वारीची तयारी

भाद्रपद शुद्ध १४, शके १८२९. धार, दवाखाना.
ताप उतरला. बावीस दिवस होता. मी, रिसालदार जयसिंगराव, वय एकाहत्तर, आजपासून निरोगी आहे असं समजावं.
डॉक्टरांनी मांडी चाचपली. म्हणाले, पडून पडून मांस झडलंय, या वयात परत यायला वेळ लागेल. डॉक्टर लहान आहे, चाळिशीचाही नसेल.
दसऱ्याला सव्वीस दिवस. मिरवणुकीत निशाण घेऊन घोड्यावर पुढे मी. एकोणीस वर्षं मीच. आठ दिवसांत रपेट सुरू करणार.
संध्याकाळी उभा राहून पाहिलं. पाय दुमडले. फरशी ओली असावी.

भाद्रपद वद्य १
फरशी ओली नव्हती. खाट उंच आहे.
उमाशंकर नावाचा कंपौंडर आहे, माळव्यातलाच. तो खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, "बासाब, इस पे से पाँच बार उठनो, पाँच बार बेठनो. बस."
म्हणजे उठाबशा! मी विचारलं, माझा गुन्हा कोणता? देवासला दोनशे स्वारांना ड्रिल शिकवलेल्या माणसाला हा खुर्चीवरून उठायला शिकवणार. साफ नकार दिला.
स्वतःचा प्रोग्राम आखला. सकाळी पंचवीस दंड, मग दूध. दुपारी पन्नास बैठका, मग दूध. संध्याकाळी दवाखान्याला तीन फेऱ्या.
आज अंमल: दूध, दोन वेळा.

भाद्रपद वद्य ३, सकाळी सात
दंडाचा आरंभ केला. खाली जाणं उत्तम जमलं. वर येणं राहिलं.
अर्धा तास खाटेखालची झाडलोट तपासली. नीट होत नाही इथे. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या दत्तोपंतांनी आरडाओरडा करून माणसं बोलावली. मी सांगितलं नव्हतं.
हे पंत शाळामास्तर होते. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काडी, महिनाभर हगवणीने आजारी. खुर्चीवरच्या उठाबशा मात्र निमूट काढतात. म्हणतात, "चाळीस वर्षं पोरांना काढायला लावल्या रिसालदारसाहेब, आता माझी पाळी."
माणसाला काही स्वाभिमान असावा.

भाद्रपद वद्य ६
पंत आज भिंतीला धरून दारापर्यंत गेले. कीव आली. भिंतीला धरून चालणं म्हणजे चालणं नव्हे.
पंत बाहेर असताना खुर्चीवरून दोनदा उठून पाहिलं. खुर्ची मजबूत आहे की नाही एवढंच पाहायचं होतं. दुसऱ्यांदा अर्धाच उठलो. खुर्ची मजबूत आहे.

भाद्रपद वद्य ९
खंडोजीला चिठ्ठी पाठवली. माझ्या हाताखाली तयार झालेला स्वार, आता तोच जमादार. यंदा निशाण तो घेणार अशी गावात कुजबुज आहे म्हणे. लिहिलं: निशाणाला हात लावू नये. घटस्थापनेनंतर पाच दिवसांनी तिरला गावची तांबडी घोडी घेऊन दवाखान्यात हजर राहावं. हुकूम.
पुढच्या आठवड्यात प्रोग्राम नेटाने पाळणार. दंड तूर्त रद्द. दूध वाढवलं.

भाद्रपद वद्य १२, दुपार
आमचं कुटुंब, भवानीबाई, रोज डबा घेऊन येते. आज तिने मला उभं पाहावं अशी इच्छा झाली. उमाशंकरने काखेत हात घालून खांबाशी उभं केलं. ती दारात दिसताच त्याला म्हटलं, हो बाजूला.
उभा राहिलो! तिने येऊन डबा खांबाशी ठेवला, पदर सावरला, वर पाहिलं, तोवर उभा होतो. मग बसलो. डब्यावर. आत पुरणपोळ्या होत्या.
वाटलं होतं हसेल. हसली नाही. पोळ्या गोळा करताना म्हणाली, "मला घोड्यावरचे तुम्ही नकोत. एकोणीस वर्षं पाहिलं ते. रात्री पाणी प्यायला माजघरापर्यंत आपल्या पायांनी आलात तरी त्यातच माझं सगळं आलं."
बायकांना निशाणाचं महत्त्व कळत नाही.
पोळ्या चपट्या, पण चांगल्या होत्या.

आश्विन शुद्ध १
घटस्थापना. शुभ दिवस म्हणून उठाबशा सुरू केल्या. अट घातली: उमाशंकरने कॅव्हलरीच्या पद्धतीने हुकूम द्यावा. तो "सवार, खडे हो!" असं ओरडतो आणि सगळा वॉर्ड दचकतो. समोरच्या खाटेवरचे एक गृहस्थ दोनदा उभे राहिले.
माझ्या चार झाल्या. पंतांच्या बारा. ते वजनाने हलके आहेत.

आश्विन शुद्ध ३
सहा. उमाशंकर म्हणाला, "रोज एक बढ़े तो भोत हे, बासाब." याच्या हिशेबाने मी फाल्गुनात घोड्यावर बसेन! त्याला तसं सुनावलं. तो हसला आणि माझ्या पायाला तेल चोळत बसला. मांडी त्याच्या एका मुठीत मावते. इतके दिवस पाहिलं नव्हतं. पांघरूण ओढून घेतलं.

आश्विन शुद्ध ६, सकाळी नऊ
खंडोजी घोडी घेऊन आला. अंगणात खुर्ची टाकून मला नेलं. ओसरीवर सगळे पेशंट जमले.
रिकिबीत पाय घालायचा. पाय जमिनीपासून वीतभर वर आला. पुन्हा घेतला. वीतभरच. हाताने उचलून पाहिला, तर दुसऱ्याने दगा दिला. खंडोजीने धरलं.
तो कानाशी म्हणाला, "तिघं मिळून वर बसवतो, साहेब. कोणी काही बोलणार नाही."
तिघांनी उचलून बसवलेला रिसालदार! मी मोठ्याने जाहीर केलं, घोडी बुजरी आहे, मिरवणुकीला चालणार नाही. घोडी तेव्हा डोळे मिटून उभी होती.
खंडोजी म्हणाला, "हो साहेब, फार बुजरी." पाया पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धूळ फार उडते अंगणात.
जाताना त्याला म्हटलं, निशाण सरळ धर. डाव्या खांद्याला कलतं तुझ्याकडून.
उठाबशा: नाही.

आश्विन शुद्ध ८
नऊ. कोणी सांगितलं नव्हतं.

आश्विन शुद्ध १०, दसरा
मिरवणूक दवाखान्यावरून जाते. नवा बेत: पागोटं बांधून फाटकाशी उभं राहायचं आणि सलामी घ्यायची. खंडोजीला तसं कळवलं. वॉर्डपासून फाटक चाळीस पावलं. काठी हाती, उमाशंकर मागे. पंतही निघाले, शाल पांघरून. मी म्हटलं, पंत, तुम्ही हळू या.
ताशे ऐकू आले तेव्हा पंत फाटकाशी होते. मी अठ्ठाविसाव्या पावलावर, जांभळीच्या झाडाला टेकलेला.
खंडोजी आला. निशाण अगदी सरळ. फाटकासमोर येताच त्याने घोडा थांबवला आणि निशाण खाली झुकवलं. पंतांसमोर! त्याला उन्हात नीट दिसलं नसावं. पंत गोंधळले आणि नमस्कार करून मोकळे झाले. गर्दीतून कोणी म्हणालं, अरेरे, रिसालदारसाहेब किती वाळले हो!
मी झाडाआडून हाक मारणार होतो. दम पुरला नाही.
परत येताना पंत म्हणाले, "सलामी तुमची होती, माझ्याकडे चुकून आली." आणि मला दंडाला धरून आणलं. त्यांनी. मला.
डॉक्टरांनी उद्या घरी जायला सांगितलं आहे. भवानीबाईला निरोप गेला.
आमच्या घराला पाच पायऱ्या आहेत. आज आठवलं. वर ओसरी, मग दार.
उमाशंकरला म्हटलं, उद्या बरोबर येशील का? हुकूम केला नाही. विचारलं.