घड्याळाला ऊन दाखवलं

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी.
सगळ्यात आधी आली ती अंबुबाई. म्हशीची धार काढायची राहिलेली, तोंडात मिश्री तशीच, आणि हात पुढं. म्हणाली, "आक्का, आधी माझी नाडी बघ, मग गोठ्याकडं जातो." मागोमाग जयाबाई. ती म्हणाली, मी कालच नंबर लावून गेलतो. दोघींची कट्ट्यावरच जुंपली. मी म्हटलं, भांडू नका गं, भांडून नाडी वाढते. तर आणखीच भांडल्या. वाढलेलीच पाहिजे होती दोघींना.

घड्याळ माझ्या नातीचं, आरोहीचं. ती बेंगळूरला नोकरीला. तिनं नवीन घेतलं आणि दसऱ्याला आली तेव्हा हे चार वर्षं वापरलेलं माझ्या मनगटाला बांधून गेली. ही डायरी माझ्या मुलाच्या, नागेंद्रच्या, उद्यमबागेतल्या कारखान्याची. जानेवारीपासून पिठाच्या डब्याखाली होती, डबा डुगडुगायचा म्हणून. आता डबा डुगडुगतो. तिसरी शिकलेली बाई डायरी लिहिते म्हणजे बेळगुंदीत मी पहिलीच असेन. कुणाला दाखवणार नाही.

घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा आहे. मनगटाला लागला की नाडीचा आकडा येतो. जयाबाईला ९२, अंबुबाईला ६८. जयाबाई पहिली आली. अंबुबाई रडवेली झाली. मी म्हटलं, अगं, मला शाळेत पस्तीसच्या वर कधी पडले नाहीत, अडुसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. ऐकेना. विहिरीपर्यंत पळत जाऊन आली आणि १०४ घेतले. जयाबाई म्हणाली, ही कॉपी आहे.

तेवढ्यात घड्याळ बंद पडलं. रांगेतली तिसरी बाई हात तसाच घेऊन परत गेली.

समोरच्या नागुबाईनं तेवढ्या वेळात अंगण तीनदा झाडलं. आली मात्र नाही. दोन वर्षं येत नाही. रताळ्याच्या वेलावरून. लावणीला माझ्याकडनं वेलाच्या कांड्या नेल्या आणि गावभर सांगितलं की राजाबाईनं मुद्दाम वाळक्या दिल्या, एकही जगली नाही. माझे वेल, वाळके! आधी रोज दुपारी चहाला असायची. न येईना का. मी तिकडं बघत पण नाही. आज हिरवी साडी नेसली होती, काठ जांभळा.

७ ऑक्टोबर.
सकाळी बॅटरी शंभर टक्के. निश्चय: आजपासून घड्याळ उगीच कुणाला दाखवायचं नाही.

दुपारी बारा. संपली. आणि दाखवलं कुणालाच नाही. दूधवाल्याला फक्त वेळ सांगितली. पोस्टमनला माझी पावलं सांगितली, कारण तो पण चालतो. बसच्या कंडक्टरला टॉर्च लावून दिला. त्यानं मागितला नव्हता, पण सीटखाली अंधार होता.

सून सौम्या म्हणाली, "आत्या, मनगट फिरलं की पडदा पेटतोय त्याचा. तुम्ही बोलताना हात हलवता, त्यानंच बॅटरी जातीया." हात न हलवता बोलायचं कसं? मी काय टीव्हीवर बातम्या देते?

९ ऑक्टोबर.
कारण सापडलं! जाड माणसाला बॅटरी जास्त लागते. अंबुबाईला बांधलं की सात टक्के जातात, जयाबाईच्या काटकीला चारच. मी स्वतः बघितलं.

नागेंद्र म्हणाला, "आये, जुनं झालंय गं ते. बॅटरी थकलीय. बदलूया." मी म्हटलं, मी पण थकलेय, मला बदलतोस काय? तो जेवायला बसला.

अंबुबाईला उद्यापासून शेवटी यायला सांगितलं. कारण पण प्रेमानं सांगितलं. ती तोंड फुगवून गेली. बॅटरी वाचली.

नागुबाई आज दारात तांब्याची भांडी घासत बसली होती. तिची मोरी मागच्या बाजूला आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.
रामबाण उपाय सुचला. आमच्या मालकांचा रेडिओ होता. सेल उतरले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि मग आणखी आठ दिवस गाणी लागायची. मालक गेले, रेडिओ गेला, ऊन तर आहे. घड्याळ स्लॅबवर मिरच्यांच्या शेजारी ठेवून आले. कावळ्यानं नेऊ नये म्हणून चाळणी पालथी घातली.

दुपारी तीन. चमत्कार! घड्याळाचं पोट वर आलंय. काच एका बाजूनं उचललीय. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरली! पळत जाऊन सौम्याला दाखवली. ती जी किंचाळली. घड्याळ चिमट्यानं धरून अंगणात वाळूच्या बादलीत नेऊन ठेवलं आणि कुणाला जवळ जाऊ देईना. म्हणाली, "आत्या, फुगली म्हंजे बिघडली. पेट घेतंय असलं कवाकवा." एवढी शिकलेली पोरगी, पुरी फुगली की खूश होते.

समोरून नागुबाई सगळं बघत होती. हसली असावी. मी बघितलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार.
सकाळी सात बायका. सगळ्यांना सांगितलं, घड्याळ बेळगावला उपचाराला चाललंय. जयाबाईनं त्याच्या बादलीला नमस्कार केला.

नागेंद्रच्या गाडीवरून गेले. दुरुस्तीचं दुकान पारमिता नावाची मुलगी चालवते. इंजिनियर आहे. डोळ्याला भिंग लावून बसली होती, अगदी सोनारासारखी. घड्याळ बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. विचारलं, "आज्जी, उन्हात ठेवलतं काय?" मी म्हटलं, नाही. मिरच्या उन्हात होत्या, घड्याळ नुसतं शेजारी होतं. नागेंद्रला खोकला आला.

ती म्हणाली, नवी बॅटरी मागवून बसवायला तीन दिवस लागतील. मी वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांना नाडीचं सगळं समजावून सांगितलं. तेव्हा पारमिता म्हणाली, "आज्जी, हे आकडे अंदाजाचे. कुणाला बरं नसलं तर डॉक्टरकडं धाडा. आन् नाडीला मार्क नसतात हो. शांत बसल्यावर थोडी कमी असली तरी चांगलंच असतंय." गुणी मुलगी आहे. वयानं लहान आहे. जयाबाईला हे सांगायचं नाही. पहिली आल्यापासून तिची कंबर दुखायची थांबलीय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी.
घड्याळ आलं! सकाळी शंभर होते, आता सहा वाजता एक्क्याऐंशी. हात मुद्दाम हलवून बघितले, तरी एक्क्याऐंशी. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सांगून आले, आता दिवसभर चालणार, नंबर लावायला नको, कुणीही कधीही या. उद्या गर्दी आवरणार नाही. सौम्याला जास्त दूध घ्यायला सांगितलंय. नागुबाईच्या दारासमोर जरा मोठ्यानं सांगितलं, कारण तिथं आवाज घुमतो.

१७ ऑक्टोबर.
सहाला कट्टा धुऊन बसले. सात वाजले. आठ वाजले. साडेआठला अंबुबाई डोक्यावर वैरण घेऊन गेली, थांबली पण नाही. म्हणाली, "आता दिवसभर चालतंय न्हवं? मग घाई काय, येतो की कवातरी." कवातरी! जयाबाई पण तेच म्हणाली.

संध्याकाळी ८६ टक्के. दूध नासलं. सौम्यानं त्याचा खरवस केला आणि म्हणाली खरवस असा होत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार.
८९ टक्के. बायकांना दिवाळीचं फराळ असतंय, वेळ कुठला? मी स्वतःचीच नाडी अकरा वेळा बघितली. दर वेळी ७६. घड्याळ लई छान चाललंय. मीच बसून आहे.

मोडकं होतं तेव्हा म्हशीची धार सोडून यायच्या. पारमितानं बॅटरी जरा जास्तच चांगली घातली.

निश्चय: दिवाळी झाली की मोठा कार्यक्रम करायचा.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
घरोघर निरोप दिला. उद्या चार वाजता नाडीतपासणी. चिवडा पण आहे असं सांगितलं, पण चिवड्यासाठी कोण येतंय?

२५ ऑक्टोबर, शनिवार.
अठराजणी आल्या! माझ्या घड्याळासाठी गाव लोटलं. चिवडा पहिल्या दहा मिनिटांत संपला, सौम्यानं दुसरा डबा फोडला. मी आधी माझी नाडी घेऊन दाखवली. ७६. सगळ्यांनी मान हलवली, तोंडं भरलेली होती.

आणि नागुबाई आली. उंबऱ्याच्या आत नाही, कट्ट्यापर्यंत. पदराखाली काहीतरी होतं. मला वाटलं लाडू. हात पुढं केला, मी घड्याळ काढून दिलं. देण्याआधी काच पदरानं पुसली, धूळ होती म्हणून. तिनं पदराखालून हे एवढं रताळं काढलं आणि त्याला घड्याळाचा पट्टा आवळला. कुणी चावेना की गिळेना. हिरवा दिवा लुकलुकला. ७६.

नागुबाई म्हणाली, "बघा गं. माझं रताळं फर्स्ट क्लासात पास झालं. आन् राजाक्का, तुझी किती म्हणालीस?"

अंबुबाईला चिवड्याचा ठसका लागला. अठराजणी हसून हसून कट्ट्यावर आडव्या. जयाबाई एकटी विचारत होती, "मग माझे ब्याण्णव?"

मी डगमगले नाही. म्हटलं, रताळं जिवंत असतंय, नुसतं टोपलीत ठेवलं तरी कोंब काढतंय, त्याला नाडी असणारच. आणि ते हातात घेऊन नीट बघितलं. तांबूस साल, मधे फुगीर, शेंडीला बारीक. ही माझ्या वेलाची जात. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नाही. म्हटलं, "नागू, एकपण कांडी जगली न्हवती न्हवं?"

नागुबाई पदराशी खेळत बसली. मग म्हणाली, "एक जगलती. तिचाच वेल वाढवत न्हेलो."

"मग दोन वर्षं सांगितलं न्हाईस ते?"

म्हणाली, "आधी भांडून बसलतो. मग कुठल्या तोंडानं येऊ?" आणि चिवडा घेतला. दोनदा घेतला. मीठ कमी आहे म्हणाली. कमी नव्हतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी.
सकाळपासून नाडीला कुणी नाही. उद्या पण नसेल. अंबुबाई जाताजाता ओरडली, "आक्का, रताळं कसं हाय गं?" जयाबाईची कंबर परत धरलीय. मी तिला डॉक्टरकडं जायला सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सांगितलं.

आरोहीचा फोन आला. विचारत होती, आज्जी, नवी बॅटरी टिकतीया का? मी म्हटलं, लई टिकते. वापरायलाच कुणी नाही.

नागुबाई रताळं कट्ट्यावरच विसरून गेली होती. दुपारी तिच्या दारातून ओरडली, विसरलो न्हाय, ठेवलोय, उकडून ठेव, मंगळवारी चहाला येतो. आणि ते घड्याळ हातात नको, म्हणाली. "बोलताना सारखं पेटतंय, माझं ध्यान जातंय." मी म्हटलं, मग वेळ कशी कळणार? म्हणाली, "चहाचा वास आला की येतो. मागं काय घड्याळ बघून यायलतो?"

म्हणून घड्याळ सध्या रताळ्यालाच बांधून ठेवलंय. बॅटरी ९४. नाडी ८८. परवा शहात्तर होती. उद्या उकडणार हे त्याला कळलं असेल.

मंगळवार म्हणजे उद्याचाच ना, का पुढच्या आठवड्यातला? कट्ट्यावर जाऊन ओरडून विचारून आले. उद्याचाच.