हिची मी सांगते

बाई,

आज सकाळी न्याहारीच्या वेळी माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीसएक वर्षं झाली. पत्र पोचणार नाही हे मला कळतं, मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची तर आधी आपलं वसतिगृहाचं स्वयंपाकघर समजावून सांगावं लागेल, आणि तेवढा धीर आज माझ्यात नाही. तुम्ही तिथंच होतात.

मिशनच्या वसतिगृहाचं ते धुरानं काळवंडलेलं स्वयंपाकघर. तुम्ही चुलीसमोर पाटावर, मांडीशी भाकरीची दुरडी, आणि आम्ही मुली ताटल्या घेऊन रांगेत. भाकरी ताटलीत पडण्याआधी प्रत्येकीनं सांगायचं, कालपासून देवानं आपल्यावर कुठली दया केली. आदल्या दिवशी सांगितलेली चालायची नाही. शेजारणीची उसनी तर नाहीच. कुणी 'प्रभूनं आरोग्य दिलं' असं उपासनेतलं बोललं की तुम्ही पुढं केलेली भाकरी मागं घेता. "लई मोठं नको. खरं सांग." मग कुणाची हरवलेली रिबीन सापडलेली असते, कुणाच्या डोक्यातल्या उवा कमी झालेल्या असतात. रांग हसते, तुम्हीही हसता. कालचीच दया आज सांगितली तर काय बिघडतं, असं एकदा एकीनं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "देव शिळं वाढत नाय. मग आपण शिळं कशाला सांगायचं?"

मी आठवीत असताना आई गेली. वडील लासूर स्टेशनला बाजारात हमाली करायचे. आईला माती देऊन झाल्यावर ते मला पॅसेंजरनं परत घेऊन आले, फाटकाशी सोडलं आणि मागं न बघता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगेत उभी राहिले, माझी पाळी आली, आणि मी म्हणाले, काही नाही. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. मला तेच हवं होतं, म्हणजे ताटली आपटून निघून जाता आलं असतं. तुम्ही भाकरी उचललीत आणि मागच्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "हिची मी सांगते. रात्री हिला झोप लागली." आणि भाकरी माझ्या ताटलीत.

मग रोज तेच. मी गप्प, आणि माझ्या वाटची तुम्ही सांगायच्या. हिनं आज आंघोळीला गरम पाणी घेतलं. हिच्या वडलांचा निरोप आला. एके दिवशी मागची मुलगी पुटपुटली, हिला बरी फुकट भाकरी मिळते. तुम्ही तिच्याकडं न बघता तव्यावरची भाकरी उलटलीत. "फुकटच असती ती. देवानं हिशेबानं वाढलं असतं तर आपण समद्या उपाशी ऱ्हायलो असतो. तू पण आणि मी पण." आणखी एकदा तुम्ही माझ्या वेणीवरून काहीतरी सांगितलंत तेव्हा मी भडकले. म्हणाले, वेणी माझी मी घातली, त्यात देवाचं काय? तुम्ही दुरडी बाजूला ठेवलीत. "व्हय, तूच घातली. ज्या पोरीला पुढचा दिवस नको असतो ती वेणी घालत नाय. ते हवंपण कुणी ठेवलं तुझ्यात? तू तर ठेवलं नव्हतं."

तुम्ही मला कधीही सांगितलं नाहीत की सगळं ठीक होईल. हे मी पुढं पुष्कळ वर्षं तपासून बघितलं, एकदाही नाही. तुम्ही एवढंच म्हणायच्या, उद्या सकाळी देव पुन्हा येणार हाय, तू फक्त ताटली घेऊन ये. आणि मी यायचे. पावसाळा सरताना कधीतरी माझ्या तोंडून आपोआप निघालं, आज डाळीत मीठ बरोबर आहे. तुम्ही म्हणालात, "म्हणजे रोज नसतं व्हय?" रांग हसली. मीही हसले असणार.

लग्नानंतर ही रीत मी घरी आणली. आमचं घर बजाजनगरला, हे वाळूजच्या कारखान्यात फिटर. पहिल्या पाळीची बस गाठायची घाई, तरी न्याहारीला दोन वाक्यं झाल्याशिवाय मी भाकरी वाढत नसे. हे मोठे बोलके. रोज एकच सांगायचे, "आज मास्तरीण ओरडली नाही, ही देवाची केवढी दया." ही कालच सांगून झाली, म्हणून मी ओरडायचे, की हे म्हणायचे, गेली बघा दया.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण शब्द येत नाही. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी मी ताट वाढलं आणि तुमच्याच आवाजात म्हणाले, ह्यांची मी सांगते. तेव्हापासून रोज सांगते. आज पेला धरला. आज पाठ दुखली नाही. शेजारच्या भाभी, मी बाजारात गेले की ह्यांच्याजवळ बसणाऱ्या, एकदा दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाजी, तुम तो अल्ला मियाँ की भी हाजरी लेते." आणि मग हळूच, "उनों को क्या बोलना है, पूछे क्या कभी?" मी म्हणाले, विचारून काय उपयोग, उत्तर येणार आहे का? भाभी आत आल्या. ह्यांच्या हातातली वाटी घेऊन गेल्या.

काल डॉक्टरांनी सांगितलं की बोलणं जेवढं यायचं तेवढं आलं, आता फार आशा धरू नका. आलेलं म्हणजे दोन हुंकार. मी मान हलवली, रिक्षा केली, घरी आणलं, औषधं दिली. आज सकाळी भाकरी वाढली आणि तोंड उघडलं तर आत काही नव्हतं. ना माझ्या वाटचं, ना ह्यांच्या. मी तुमच्यापुढं म्हणाले होते तसंच म्हणाले, काही नाही. आणि बसून राहिले. भाकरी निवत होती.

ह्यांनी डावा हात पुढं केला. भाकरी ताटलीशी दाबून धरली, मोडली. मदत करायला माझा हात निघाला होता, तो मी मागं घेतला. अर्धी भाकरी सरकवत सरकवत माझ्या ताटलीत आणली. मग तोंड वाकडं होईपर्यंत जोर लावला, आणि शब्द आला. "हिची." मोठा श्वास. "मी."

पुढचं आलं नाही. ह्यांनी बोट उचललं आणि माझ्या डोक्याकडं दाखवलं. मी हात लावून बघितलं. वेणी घातलेली होती. कधी घातली, आठवत नव्हतं.

तुमची वेणीची गोष्ट मी ह्यांना कधीच सांगितलेली नाही. तुम्ही म्हणाल, लई मोठं करू नको, खरं सांग. तर खरं सांगते. डॉक्टरांचं म्हणणं बहुतेक बरोबरच असेल. ह्यांचे आणखी शब्द येतील असं मी धरून चाललेले नाही. पण उद्या सकाळी तो येणार आहे, हे मला आज पुन्हा कळलं, आणि ताटली घेऊन मी असेन.

हे पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते आहे, टपालात टाकायचं नाहीच. एक राहिलं. माझ्या डोक्यामागं खिडकी आहे, आणि त्या वेळी खिडकीत भाभींचं मांजर बसलं होतं. बोट नक्की कशाकडं होतं, ते मी विचारलं नाही. उद्या विचारीन.

तर आजची दया ही: अर्धी भाकरी, ज्वारीची, एका कडेला करपलेली. दिली ह्यांनी, डाव्या हातानं. घेतली मी. आभाराची प्रार्थना करायची राहून गेली.