ह्यांच्या कानाची पेटी

४ नोव्हें. ७९, रविवार. उचगाव
बाळू बेळगावहून वडिलांसाठी कानाचं मशीन घेऊन आला. पेटी सदऱ्याच्या खिशात, वायर वर कानात. भातगिरणीच्या इंजिनाशेजारी उभं राहून ह्यांचे कान गेले त्याला बारा वर्षं झाली. पहिलं ऐकलं ते माझं भाकरी थापणं. "एवढा आवाज येतोय व्हय गं भाकरीचा!" डोळ्यांत पाणी. बाळूही रडला. मी चुलीकडे तोंड करून बसले.

५ नोव्हें.
सकाळी चुलीपुढे तोंड शिवल्यासारखं झालं. आठ वर्षं रोज इथं बसून, ह्यांच्याकडे पाठ करून, बोलत आले. आमच्या शकूबद्दल. नारळ फोडून हंगामाची गिरणी चालू केली की दिवस मावळेपर्यंत इंजिनाचा पट्टा थांबवायचा नाही, ही ह्यांची रीत. त्या दिवशी पोर तापानं फणफणलेली. दोनदा गिरणीत जाऊन हातवारे करून सांगितलं. "सांजच्याला नेऊ डाक्टरकडं." सांजेपर्यंत पोर राहिली नाही.
तोंडावर कधी म्हटलं नाही. मी पाठ करून बोलायचे ते ह्यांना ऐकू येत नाही म्हणूनच. त्यावरच तर दिवस काढले. आता?

८ नोव्हें.
हे लहान मुलासारखे हिंडतायत. कावळा ऐकतात, रहाट ऐकतात. दुपारी म्हणाले, "तूच तेवढी बोलंनाशी झालीयास."
"बोलायला काय हाय?" म्हटलं.
छातीत सगळं साठून राहिलंय. बाळूचा राग येतो, आणि त्या रागाची लाज वाटते.

१० नोव्हें.
व्हायचं ते झालं. सवयीनं तोंडातून गेलं, "एक दिस पट्टा थांबवला असता तर माझी शकू आज सोळा वर्साची असती." वळून बघते तर हे उंबऱ्यात. पेटी खिशात. न जेवता शेतावर गेले.
फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, जरा बरंही वाटलं.

१२ नोव्हें.
आज सकाळी चुलीपुढे, माझ्यासमोर येऊन बसले. कानातलं काढलं, पेटी फळीवर ठेवली.
"रोज बोलायचीस व्हय?"
मी मान हलवली.
"मग बोल की. मला काय ऐकू येत न्हाय आता."
तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. इतकी वर्षं पाठ करूनच सांगत आले, तोंड बघून सांगायचं कसं? तव्यावर भाकरी करपायला लागली, ती ह्यांनीच उलटली.
उठताना म्हणाले, "उद्याबी बसतो हितं."