कबुतराआधी दिलेला नकार

लियाँ,
सोमवार, १४ ऑक्टोबर १९७४

प्रिय ग्वेनोलाताई,

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? मलम चोळतेस ना, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघत बसतेस? इथे धुकं आहे, हॉटेलातली उशी विटेसारखी आहे आणि नाश्त्याला अळणी लोणी देतात. मी मीठ मागितलं तर वाढणारीने असं पाहिलं, जणू मी तिची वेणीच मागितली.

दुकानासाठी लोकरीचे नमुने पाहिले. राखाडी बरी आहे, हिरवी अगदी वाटाण्याच्या सूपसारखी. राखाडीच घेते.

नमनालाच घडाभर तेल झालं, ठाऊक आहे मला. चष्मा सरकवून तू खालच्या ओळी चाळत असशील. तर सांगते. काल दुपारी गास्पार बेसोंबरोबर जेवायला गेले होते. तू सांगितलंस तसंच केलं. त्यांच्या मागणीला नकार दिला.

आता हुश्श कर, कॉफी पिऊन ये आणि मग पुढचं वाच.

वर्षानुवर्षं आपल्या दुकानात लोकरीची पेटी घेऊन येणारा फिरता विक्रेता, पण निवृत्तीनंतर थाट काय! शहरातलं सगळ्यात नावाजलेलं रेस्टॉरंट निवडलं होतं. मांडीवरचा रुमाल इतका कडक, की घडी उलगडायलाही भीती वाटावी. आणि कानात तुझं बजावणं: "गोड यायच्या आत नकार दे, आर्मेल. गोड पोटात गेलं की तू कुणालाही हो म्हणतेस."

म्हणून मी घाई केली. सूपच्या वेळी तोंड उघडलं, तर वेटर आला आणि सूपमध्ये काय काय आहे ते सांगत बसला. माशाच्या वेळी उघडलं, तर वाइनवाला आला. ती द्राक्षं टेकडीच्या कुठल्या उतारावर पिकली, तिथे ऊन किती पडतं, सगळं सांगून झालं. मग भाजलेलं कबुतर आलं. दोन वेटर, दोन ताटल्या, त्यांवर चांदीची झाकणं. म्हटलं, एकदाचं उरकून टाकावं. डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "बेसोंसाहेब, मी तुमच्याशी लग्न करणार नाही."

नेमकी तेव्हाच झाकणं उचलली गेली, आणि ते बघायला अख्खं दालन गप्प झालं होतं. शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीने काटा खाली ठेवला. वेटर झाकण हातात धरून तसाच उभा.

"कबुतर... आत्ता वाढू, की थांबू जरा?" त्याने सुतकी आवाजात गास्पारना विचारलं.

"वाढा, वाढा," गास्पार म्हणाले. "कबुतराचा काय दोष?"

ताई, नकार जेवण संपताना द्यायचा असतो गं! कबुतर, मग चीज, मग गोडाच्या आधीचं गोड, मग गोड, कॉफी आणि कॉफीबरोबरची चिमुकली बिस्किटं. एवढं सगळं यायचं असताना उठून जायला आपण काय इंग्रज आहोत? दोघंही बसून राहिलो. वाइनवाल्याने त्यांचा पेला न विचारता काठोकाठ भरला, माझ्या पेल्यात मात्र घोटभर ओतली. म्हातारी नवऱ्याला म्हणाली, "बघा, खातेय मात्र चापून." खातच होते मी. कबुतर फार सुरेख झालं होतं.

आणि होकाराची आशाच संपल्यावर गास्पार मोकळे झाले. कोटाचं बटण सोडलं, पावाचा तुकडा तोडला आणि त्या चांदीच्या झाकणांच्या दालनात ताटलीतला रस्सा चक्क पुसून खाल्ला. "आता कुणावर छाप पाडायचीय?" म्हणाले. मग बोलत सुटले. दरवर्षी आपल्याकडे यायच्या आधी ते स्टेशनवरच्या आरशात भांग पाडायचे म्हणे, आणि दार तू उघडलंस की घाबरून थेट लोकरीचा भाव सांगायचे. "तुमच्या ताईंना मी अजून भितो."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा यव्ह गेल्यापासून अशी कुणापुढे हसले नव्हते. तुझ्यापुढेही नाही. तुला लागेल हे, पण खरं आहे.

चीजची ढकलगाडी आली. गोड अजून आलं नव्हतं, हे नीट लक्षात घे. पूर्ण शुद्धीत मी म्हणाले, "आणि आता मीच तुम्हाला विचारलं तर?"

चीज कापणाऱ्याची सुरी थांबली. गास्पारनी हातातला पाव ताटलीत ठेवला.

"ताईंचं काय?" ते म्हणाले. "त्या एकट्या कशा राहतील?"

माझ्या नकाराचं कारण तेच होतं, ताई. तुला खुपणारे त्यांचे पिवळे हातमोजे नव्हेत. तू एकटी जेवायला बसली आहेस, हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही. त्यांना तसंच सांगितलं.

"मग मी तिकडे येतो," ते म्हणाले. "लियाँत माझं आहे काय? एक खुर्ची आणि एक खोकला. ताईंनी हाकललं तर पुन्हा येईन. आयुष्यभर तोच धंदा केलाय."

गोड आलं, पण कसलं होतं ते विचारू नकोस. मला काहीच आठवत नाही.

शनिवारच्या गाडीने येते आहे. आम्ही दोघं. तू चिडशील, अबोला धरशील, भांडी आपटशील. आपट. पण ताई, शनिवारी तीन ताटं मांड. दोनच मांडलीस तर मी उभ्याने जेवेन, त्यांना उठवणार नाही.

तुझीच, आणि आता थोडी त्यांचीही,
आर्मेल