मातीची चौकशी

४ मे

चि. खारूस,
माझ्यासारख्याचे चालत असतील तर अनेक आशीर्वाद.

तुझ्यासाठी दोन्ही विद्यापीठं पालथी घातली. नदीकाठचं बघून डोळेच दिपले! हिरवळ, पोहण्याचा तलाव, प्रत्येकीला स्वतंत्र खोली. तिथे एक मांजर वर्गात बसतं, त्याची गोष्ट भारी आहे, पण ती नंतर. टेकडीवरच्यात मात्र एका खोलीत तिघींना कोंबतात.

तू म्हणालीस तसं ‘मातीचं काम कुठे चालतं’ हे दोन्हीकडे विचारलं. दोन्ही शिपायांनी मला कुंभारकामाच्या शेडमध्ये नेऊन सोडलं. नदीकाठची शेड चकाचक, पण रिकामी. टेकडीवर चिखलाने बरबटलेल्या चार मुली भट्टीपाशी कचाकचा भांडत होत्या. मला म्हणाल्या, बाजूला हो. आई म्हणते तेच खरं, नदीकाठचं घे.

माया पातळ करू नकोस.
तुझा भटका दादा

९ मे

ती. दादास,
हसून पोट दुखलं, म्हणून नमस्कार उशिरा.

अरे शहाण्या, मला मृदाविज्ञान शिकायचंय, मडकी घडवायची नाहीत! बाबा म्हणतात, शिकवणारे दोन्हीकडे तोडीस तोड, मग सुखात राहा की. शनिवारी कळवायचंय. एवढंच सांग, त्या मुली भट्टीत काय भाजत होत्या? मांजर राहू दे.

राग नाही, घाई आहे.
खारू

१३ मे

चि. खारूस,
आशीर्वाद, आणि माझे कान मीच धरलेत.

पुन्हा गेलो. अगं, त्या तुझ्याच विषयाच्या, पहिल्या वर्षाच्या! वेगवेगळ्या मातीच्या विटा भाजून कोणती तडकते ते बघत होत्या, आणि भांडण कोणाची आधी तडकली यावरून. नदीकाठची खरी प्रयोगशाळाही शोधली. यंत्रं अशी की हात लावावासा वाटतो. पण पहिली दोन वर्षं काचेबाहेरून बघायचं, म्हणे. मग मांजराकडे गेलो, पण ते असो.

ठरव तू. मी तुझ्या बाजूने.
दादा

१७ मे

ती. दादास,
आज वाकून नमस्कार.

टेकडीवरचं घेतलं, कळवूनही टाकलं. आईला सांगितलं, तिघींत एक खोली चालेल, ती काच नाही चालणार. आईने धुतलेलीच भांडी पुन्हा घासली. बाबांनी विचारलं, पुढे पस्तावलीस तर? म्हटलं, पस्तावेन, पण माझ्या हाताने.

अशीच लुडबुड करत राहा.
खारू