सासूच्या हातातली सुरी

मंगळवार, संध्याकाळ. आचरा.

कधी एकदा लिहिते असं झालंय! कट्टा गावच्या काजू कारखान्यात नुकतीच सुपरवायझर झालेली माझी शेजारीण सुषमा आज राजीनामा देणार होती. काजू सोलणाऱ्या बायकांत तिची सासूच. बोथट सुरीने अख्खे गर फोडून वाया घालवते, आणि सुनेने तिला बोलायचं कसं?

शहरातून आलेला प्रशिक्षक म्हणे, "नाती घरी ठेवा. प्रत्येकीला नावाने हाक मारा." सासूला नावाने? मूर्ख कुठला! मी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरना उलट उत्तरं दिली, जन्मभर कचेरीत माणसं सांभाळली, पण असलं शहाणपण ऐकलं नव्हतं. मी सुषमाला म्हटलं, "आईच म्हण. पण शेजारी बस आणि सांग."

काजू घ्यायच्या निमित्ताने मीही गेले. राहवेना! सुषमा खुर्ची सोडून सासूशेजारी खाली बसली. "आये, सुरी बोथट झाली, गर फुटतत. ही नवी घे."

"घराक ये, मगे दाखवतंय तुका!" सासू गरजली. बायका खिदळल्या. सुषमा हलली नाही. सुरी... घेतली सासूने!

आणि थोड्या वेळाने सासू बाजूला सोलत बसलेल्या बाईवरच खेकसली, "गो, तुझी पण बोथट आसा. सुपरवायझर बाईक सांग, नवी देतली."